डेंटल असिस्टंटच्या कामातल्या या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि दवाखान्यात दातांची मापं (तोंडातून घेतलेले साचे) बिघडायला लागतात. नवीन मुलीला वाटतं, पावडरच खराब आली. बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तापलेलं, आणि गरम पाण्यात अल्जिनेट, म्हणजे माप घ्यायची ही पावडर, भराभर आळतं. मग घट्ट होतंय म्हणून वरून पाणी ओतलं जातं. ही त्याहून मोठी चूक. जास्त पाण्याचं माप कमजोर होतं, तोंडातून काढताना दातांच्या फटीत फाटतं. प्रमाण डब्यावर दिलंय तेच ठेवा. फ्रिजमधलं पाणी मिसळून पाणी साधारण २० ते २२ अंशांवर आणा. डब्याचं झाकण उघडं ठेवू नका.

माप निघालं की वाहत्या पाण्याखाली धुवा, जंतुनाशक मारा आणि १०-१५ मिनिटांत त्यात स्टोन (दातांचं मॉडेल बनवायचं प्लास्टर) ओता. आपल्याकडच्या कोरड्या हवेत अल्जिनेट पाणी सोडून आक्रसतं, पाण्यात बुडवून ठेवलं तर फुगतं. शहाद्याहून धुळ्याच्या लॅबला एसटीने नुसतं माप पाठवलं, तर तयार होऊन आलेलं काम तोंडात नीट बसेलच असं नाही. मॉडेल आपल्याकडेच ओता, मग पाठवा.

ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारं मशीन) हत्यारांचे पाउच कोंबून भरू नका, वाफ मधल्यांपर्यंत पोचत नाही. १२१ अंशांवर किमान १५ मिनिटं म्हणजे तापमान गाठल्यानंतरची १५ मिनिटं. मध्येच लाईट गेली तर सायकल पहिल्यापासून. पाउचवरच्या पट्टीचा रंग बदलला याचा अर्थ पाउचला उष्णता लागली एवढाच. आतली हत्यारं निर्जंतुक झाली याची ती हमी नव्हे, आणि हे शिकवताना फार कमी ठिकाणी सांगितलं जातं. ओला पाउच कपाटात ठेवू नका. बोअरचं क्षाराचं पाणी मशीनमध्ये अजिबात नको, डिस्टिल्डच घाला.

गुटख्यामुळे तोंड जेमतेम दोन बोटं उघडणारे पेशंट रोज येतात. त्यांचा गाल ओढू नका, लहान सक्शन टिप (लाळ ओढून घेणारी नळी) घ्या आणि मध्ये मध्ये थांबा.

सुईला दोन्ही हातांनी टोपण लावू नका. टोपण ट्रेमध्ये ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवा. वापरलेली सुई पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात जाते. टोचलीच तर जखम दाबत बसू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरांना सांगा. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. कामाला लागण्याआधीच पहिला घ्या.