देवराईची निगा राखताना या चुका टाळा

कोकणात आणि घाटमाथ्यावर अलीकडे अनेक गावांतील तरुण मंडळी देवराईच्या, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानाच्या, श्रमदानासाठी पुढे येत आहेत, ही फार समाधानाची गोष्ट आहे. मात्र राईला बाग समजून केलेल्या कामाने तिचे भले होण्याऐवजी नुकसानच अधिक होते.

सर्वांत मोठी आणि सर्रास होणारी चूक म्हणजे पालापाचोळा झाडून काढणे, त्याचे ढीग करणे आणि शेवटी ते पेटवून देणे. पाऊल टाकताच पाय रुततो तो थर कचरा नव्हे. भर एप्रिलमध्ये तो हाताने बाजूला सारून पाहावे: खाली माती ओलसर लागते, कुजक्या पानांवर बुरशीचे पांढरे तंतू पसरलेले दिसतात आणि कुठेतरी नुकतेच रुजलेले रोपही सापडते. हा थर काढला की पावसाचे पाणी जमिनीत मुरण्याऐवजी माती घेऊन उताराने वाहून जाते. साफसफाई करायचीच असेल, तर प्लास्टिक, बाटल्या आणि निर्माल्याच्या पिशव्या तेवढ्या उचलाव्यात.

वठलेले झाड निरुपयोगी समजून तोडू नये. धनेश पक्षी स्वतः ढोली कोरत नाही. जुन्या झाडातील तयार ढोलीतच मादी स्वतःला कोंडून घेऊन अंडी घालते. गारंबीसारख्या महावेलींना ‘झाडाचा गळफास’ ठरवून कापणेही तितकेच चुकीचे आहे, कारण जुन्या राईचे ते लक्षण आहे. कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी गावकरी, मानकरी आणि गुरव यांच्याशी बोलावे. अनेक गावांत देवाचा कौल घेतल्याशिवाय राईत कोयता चालत नाही, आणि आजवर राई टिकली ती याच शिस्तीमुळे.

राईच्या आत गुलमोहर किंवा गिरीपुष्प अशी परदेशी झाडे लावू नयेत. मोकळ्या झालेल्या कडेला त्याच राईतील बियांची रोपे लावावीत. ‘बिया उगवतच नाहीत’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते, पण दोष बहुधा मातीचा नसून साठवणुकीचा असतो. जांभळाचे बी वाळवून ठेवले तर थोड्याच दिवसांत त्याची उगवणशक्ती जाते, म्हणून गर धुऊन ते ताजेच पेरावे. हिरड्याचे कवच टणक असल्याने त्याला पाण्यात भिजवावे लागते, आणि तरीही वाट पाहावी लागते.

रानमोडी हे बाहेरून आलेले, झपाट्याने पसरणारे झुडूप राईच्या कडेला माजते. ती नुसती छाटल्यास बुंध्यातून पुन्हा जोमाने फुटते. पावसाळा संपता संपता, माती ओली असताना आणि झुडपाला फुले येण्यापूर्वी, ती मुळासकट उपटावी. मात्र संपूर्ण कड एकाच हंगामात उघडी करू नये, कारण ऊन आणि वारा थेट आत शिरून सावलीत वाढणारी कोवळी रोपे करपतात. जेवढ्या पट्ट्यात लगेच देशी रोपे लावून त्यांची देखभाल करता येईल, तेवढाच पट्टा एका वर्षी मोकळा करावा.