डन बाय, चेक्ड बाय: चौघांची बारावी केमिस्ट्री

गेल्या वर्षी डिसेंबरात लेकीनं जाहीर केलं, "आई, उद्यापासून आम्ही चौघं आपल्या हॉलमध्ये केमिस्ट्री करणार." पहिल्या दिवशी चार पुस्तकं उघडली, चार रंगांचे हायलायटर निघाले, इलेक्ट्रोकेमिस्ट्रीची सहा पानं पिवळी झाली आणि मी दोनदा पोहे केले. साडेसातला चपला घालता घालता आमच्या नाशिकच्या सिडकोतला मुलगा म्हणाला, "काकू, आज मस्त अभ्यास झाला." मी सहज विचारलं, "डॅनियल सेलमध्ये ॲनोड कुठला रे?" चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग माझी लेक म्हणाली, "ते पिवळं केलंय आम्ही."

मी बीएस्सी केमिस्ट्री. अंबड एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या लॅबमध्ये १९ वर्षं काढली आहेत. आमच्याकडे प्रत्येक टेस्टच्या कागदावर खाली दोन सह्या लागतात, एक 'डन बाय' आणि एक 'चेक्ड बाय'. ज्यानं टायट्रेशन (थेंबाथेंबानं द्रावण घालून मोजणं) केलं त्यानं स्वतःचं स्वतः तपासायचं नाही. माणूस खोटं बोलेल म्हणून नव्हे, तर आपण ३.६ च्या जागी ६.३ लिहिलेलं आपल्याला दहा वेळा वाचूनही ३.६ च दिसतं म्हणून. चौघांनी एकत्र बसण्याचा फायदा इतकाच, की तपासणारे तीन जण फुकट मिळतात. वाचन, पाठांतर, रिअ‍ॅक्शन लिहून लिहून हातात बसवणं ही कामं एकट्यानं घरीच होतात. ती ग्रुपमध्ये आणली की पोहे जास्त लागतात, एवढंच.

बसायचं कसं

चार जण पुरे. पाच झाले की दोन गट पडतात आणि एक गट सिनेमावर बोलतो. वेळ दोन तास, त्याहून जास्त नको. मोबाइल बाहेर चपलांच्या स्टँडवर. "काकू, पीडीएफ मोबाइलमध्ये आहे" हे ऐकून घेऊ नका, पुस्तक आणायला सांगा.

आदल्या दिवशी ठरवायचं की उद्या कुठला धडा. चौघांनीही तो घरून वाचून यायचा. आल्यावर चिठ्ठी काढायची आणि जिचं नाव निघेल तिनं पुस्तक बंद करून समजावून सांगायचं. चिठ्ठी आल्यावर काढायची, आदल्या दिवशी नाही. आम्ही आधी धडे वाटून घेतले होते. तेव्हा प्रत्येक जण आपापलाच धडा वाचून यायचा आणि बाकीचे तिघं प्रवचन ऐकल्यासारखे बसायचे.

सांगताना कागद-पेन चालेल, वही-पुस्तक नाही. ऐकणाऱ्यांपैकी एकाच्या हातात पुस्तक उघडं. त्यानं मध्ये बोलायचं नाही, फक्त चुकलेल्या जागा पेन्सिलीनं टिपायच्या आणि शेवटी सांगायच्या. मध्येच टोकलं की सांगणारा तुमच्या चेहऱ्याकडे बघत बघत उत्तर दुरुस्त करतो. परीक्षेत समोर चेहरा नसतो.

आणि एक. ज्याला जास्त येतं त्यानं सगळ्यात शेवटी बोलायचं. आमच्यातली सातपूरची मुलगी हुशार, तिचं उत्तर ओठांवरच असायचं. तिला मी सांगितलं, "तू दहापर्यंत मोज, मग बोल." पहिले दोन दिवस ती फुगून बसली. तिसऱ्या दिवशी निफाडचा मुलगा, जो तोवर फक्त मान डोलवत होता, त्यानं ऑस्मोटिक प्रेशर पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सांगितलं.

लॉग टेबलचा 'बार'

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण स्वतः बारावीत याच खड्ड्यात पडले होते. परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतो. म्हणून सरावालाही लॉग टेबलच घ्या. घरी मोबाइलवर उत्तर काढणाऱ्या मुलांचा हात परीक्षेच्या दिवशी थरथरतो.

साधं गणित घ्या. ०.०२ मोलर एचसीएलचा, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडचा, पीएच किती? २ चा लॉग ०.३०१०, आणि ०.०२ मध्ये दशांशचिन्ह दोन घरं सरकलेलं, म्हणून लिहिताना 'बार २, पॉइंट ३०१०'. आमच्या चौघांपैकी तिघांनी हे वजा २.३०१० धरलं आणि पीएच २.३० काढला. पण बार फक्त पूर्णांकावर असतो, दशांशाचा भाग अधिकच राहतो. म्हणजे −२ + ०.३०१० = −१.६९९०, आणि चिन्ह उलटं केलं की पीएच १.७०.

तिघांची चूक सारखीच असल्यामुळे तिघंही एकमेकांचं तपासून 'बरोबर' म्हणून मोकळे झाले होते. तेव्हा माझा चेक्ड बायचा नियमही लंगडा पडला. मग आम्ही त्यात एक पायरी वाढवली. गणित सोडवण्याआधी प्रत्येकानं अंदाज बोलून दाखवायचा. ०.०१ मोलर असतं तर पीएच बरोबर २. ०.०२ मध्ये ॲसिड त्याहून जास्त, म्हणजे पीएच २ पेक्षा खाली यायलाच हवा. हे आधी तोंडातून गेलं की २.३० हे उत्तर लिहितानाच खटकतं. हाच प्रकार १० चा वजा ८ वा घात मोलर एचसीएलचा. सूत्रात घातलं की पीएच ८ येतो. ॲसिड ओतून पाणी अल्कधर्मी कसं होईल? पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन धरले की उत्तर ७ च्या किंचित खाली येतं.

तपासणाऱ्यानं युनिट वेगळं तपासायचं. कायनेटिक्समध्ये फर्स्ट ऑर्डरच्या के चं (वेग स्थिरांकाचं) युनिट सेकंदाचा व्यस्त, सेकंड ऑर्डरचं वेगळं. थर्मोडायनॅमिक्समध्ये काम डीएम क्यूब बारमध्ये निघतं, तेव्हा १०० नं गुणून ज्यूल करायचं. गॅस स्थिरांक आर कधी ८.३१४ आणि कधी ०.०८२१ घ्यायचा, हे प्रेशर कुठल्या युनिटात दिलंय ते पाहून ठरवा. 'सर घेतात तसा' हे कारण चालणार नाही.

व्हाइटनर माझ्या घरात बंद. लॅबमध्ये चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारतो, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. मुलांनाही तसंच करायला लावलं. महिन्याभरानं वही चाळली तर माझ्या लेकीच्या आडव्या रेघा बहुतेक सगळ्या चिन्हांवर होत्या आणि सिडकोच्या मुलाच्या सगळ्या युनिटवर. शेवटच्या आठवड्यात कोणी काय बघायचं, ते त्यातूनच ठरलं.

निफाडचा विळा

इलेक्ट्रोकेमिस्ट्री पिवळी करूनही डोक्यात शिरत नव्हती. एका संध्याकाळी मी विचारलं, मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) द्रावण लोखंडी भांड्यात ठेवता येईल का? हा बोर्डाचा आवडता प्रश्न आहे. तिघांनी तक्ता शोधायला सुरुवात केली. निफाडचा म्हणाला, "नाही ठेवत काकू. आमच्याकडे बोर्डो प्लास्टिकच्या ड्रममध्येच करतात."

त्याच्या घरी द्राक्षबाग. डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी बोर्डो मिश्रण मारतात: एक टक्क्याचं करायचं तर १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मिश्रण झालं की त्याचे आजोबा त्यात विळ्याचं पातं बुडवतात. पात्यावर लालसर थर चढला तर अजून चुना घालायचा, कारण मोकळं तांबं पानं जाळतं. पातं कोरं निघालं तर फवारायला मोकळं.

मी म्हटलं, आता हेच पुस्तकाच्या भाषेत सांग. ई-नॉट म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ सांगणारा आकडा; लोखंडाचं ई-नॉट −०.४४ व्होल्ट, तांब्याचं +०.३४. म्हणून लोखंड इलेक्ट्रॉन सोडतं, तेच ॲनोड, तांब्याचे आयन ते घेऊन पात्यावर बसतात. ०.३४ मधून −०.४४ वजा केले की ०.७८ व्होल्ट, उत्तर अधिक, म्हणजे रिअ‍ॅक्शन आपोआप होणार. चुन्यानं द्रावण अल्कधर्मी होतं, तांबं हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं, आयन मोकळे राहत नाहीत, मग पात्यावर चढणार काय? मुलगा बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, "आजोबांना हे माहीत आहे?" माहीत आहे, फक्त ई-नॉट म्हणत नाहीत.

त्यानंतर ॲनोड कुठला हे कोणी विसरलं नाही. झिंक −०.७६, म्हणजे लोखंडाहूनही खाली. मग झिंक-तांब्याच्या डॅनियल सेलमध्ये झिंकच इलेक्ट्रॉन सोडणार आणि सेल १.१० व्होल्टचा होणार, हे त्यांनी स्वतःच काढलं. तुमच्या ग्रुपमध्ये कोणाच्या घरी काय चालतं ते विचारून ठेवा. कोणाच्या गल्लीत कल्हईवाला येत असेल तर नवसागर टाकल्यावर उठणारा पांढरा धूर बघून घ्या. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. सॉल्ट ॲनालिसिसमध्ये अमोनियमचं मीठ तापवलं की नळीच्या वरच्या गार भागात बसणारा पांढरा थर तोच.

ऑरगॅनिकची अंताक्षरी

ऑरगॅनिकला समजावून सांगणं कमी आणि घोकणं जास्त, हे खरं आहे. पण घोकलेलं टिकवायला अंताक्षरी बरी पडते. आम्ही कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालता चालता खेळायचो. एक जण पदार्थ सांगतो, दुसरा रिएजंट (त्यात घालायचं रसायन), तिसरा काय तयार होतं ते, आणि तिथून पुढची साखळी चौथ्याकडे. इथेनॉल, पीसीसी, इथेनाल. इथेनाल, एचसीएन, सायनोहायड्रिन. मग हायड्रोलिसिस केलं की लॅक्टिक ॲसिड. इथे माझी लेक ओरडली, "दही!" ट्रॅकवरचे आजोबा वळून बघायला लागले.

ज्याला कंडिशन सांगता आली नाही तो बाद. अल्डॉलला अल्फा हायड्रोजन हवा आणि सौम्य अल्कली, कॅनिझारोला अल्फा हायड्रोजन नको आणि तीव्र अल्कली. फक्त नाव सांगितलं की अर्धाच गुण, असा आमचा घरचा कायदा होता. अंताक्षरीहून घरी आलं की तीच साखळी प्रत्येकानं एकट्यानं कागदावर काढायची, कारण तोंडी रचनेतली रेघ चुकली तरी कोणाला कळत नाही.

पी-ब्लॉक, पॉलिमर आणि ग्रीन केमिस्ट्री यांना ग्रुपचा वेळ देऊ नका. आपापलं वाचा, एकमेकांना दहा-दहा प्रश्न विचारा, संपलं.

प्रॅक्टिकल आणि सरावाचा पेपर

प्रॅक्टिकल लेखी परीक्षेच्या आधी होते आणि तिचे ३० गुण आहेत, तरी मुलं ती आदल्या रात्रीवर ढकलतात. घरी रसायनं आणू नका, तोंडी परीक्षा मात्र घरी छान होते. एकानं एक्स्टर्नल (बाहेरून येणारा परीक्षक) व्हायचं, कडक चेहरा करून. ऑक्झॅलिक ॲसिड तापवतो, मग मोहर सॉल्ट का नाही? (तापवलं तर फेरस हवेनं फेरिक होईल.) परमँगनेटच्या टायट्रेशनला सल्फ्युरिक ॲसिडच का, एचसीएल का नाही? (परमँगनेट त्याचंच क्लोरीन करत बसेल आणि ब्युरेट रीडिंग वाढेल.) इंडिकेटर का लागत नाही? रंगीत द्रावणाचं रीडिंग वरच्या कडेला घेतात, हे दाखवायला मी मोजपात्रात बिटाचं पाणी भरून दिलं. डोळा पातळीत न धरता वरून वाचलं तर आकडा किती हलतो, ते चौघांनी आलटून पालटून बघितलं.

लेखी ७० गुणांची, वेळ तीन तास. एक गुणाचे १० पर्यायी आणि ८ छोटे प्रश्न सगळे सोडवायचे. पुढे दोन गुणांचे १२ पैकी ८, तीन गुणांचे १२ पैकी ८, चार गुणांचे ५ पैकी ३. म्हणजे निवडायची कलाही लागते. आम्ही तीन रविवार सकाळी ११ ते २ असे पूर्ण पेपर सोडवले, हॉलच्या चार कोपऱ्यांत चार पाट मांडून. नंतर मिसळ, आणि मिसळीनंतरच तपासणी. उपाशी माणूस गुण कापतो. पेपर उजवीकडच्याला द्यायचा, लाल पेननं तपासायचा आणि खाली चेक्ड बायची सही करायची. सही केलेल्या पेपरात नंतर चूक निघाली तर पुढच्या रविवारची मिसळ तपासणाऱ्याकडून. निफाडच्या मुलानं दोन वेळा पैसे दिले, मग तो असा तपासायला लागला की आमच्या लॅबमध्ये घ्यावा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ग्रुप भरवू नका. चौघांपैकी एकाला तरी काहीतरी येत नसतं आणि ते बाकीच्या तिघांना लागतं. फोनवर एकच काम उरतं. आपापला लॉग टेबल पान-पान उलटून बघा, कुठे पेन्सिलीनं सूत्र लिहिलेलं राहिलं असेल तर खोडा. माझ्या लेकीच्या टेबलात ॲण्टीलॉगच्या पानावर सूत्रातलं २.३०३ सापडलं, आणि शेजारी दह्याचं भांडं काढलेलं.