इंदूरहून ट्राउटच्या गळाला जाताना: आधी परवाना वाचा

दिवाळीच्या सुट्टीत इंदूरची बरीच मराठी घरं मनालीकडे निघतात. इंदूरजवळच्या यशवंतसागर तलावावर गळ टाकणारा घरात असला, तर सामानात काठीही जाते. पण हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट, म्हणजे थंड पाण्यातला डोंगरी मासा, धरायला बंदी असते. दिवाळी नोव्हेंबरात आली, की काठी घरीच ठेवा. थंडीत ट्राउटची मादी नदीतल्या खडीत खळगा करून अंडी घालते. आपण नुसते पाण्यात उतरलो तरी ती पायाखाली चिरडतात. आपल्या मध्य प्रदेशात नद्यांवरची बंदी १६ जून ते १५ ऑगस्ट असते, कारण रोहू-कटला पावसात वितात. म्हणून तारीख ठरवताना इथली सवय विसरा. मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर मला सर्वांत आवडतात. मे-जूनमध्ये बर्फ वितळून पाणी बरेचदा गढूळ होतं.

तारीख ठरली की पाणी, म्हणजे हिमाचलातली नदी, ठरवा: तीर्थन, बरोटची उहल, सांगल्याची बास्पा. परवाना राज्याच्या मत्स्य विभागाकडून काढायचा. काश्मीरमध्ये नदीचे ‘बीट’, म्हणजे ठरावीक टप्पे, पाडलेले असतात. ज्या बीटचा आणि ज्या दिवसाचा परवाना, तिथेच आणि त्याच दिवशी गळ टाकायचा.

आता आमिष. इथे सावकाश वाचा, कारण आपले लोक इथेच अडकतात. मी पहिल्यांदा तीर्थनला गेलो तेव्हा खिशात गांडुळांचा डबा होता. नदीवरच्या रखवालदाराने विचारलं, “परवान्यावर आमिषाचं काय लिहिलंय?” मला सांगता येईना. डबा खोलीवर ठेवून आलो आणि मग कागद नीट वाचला. तुम्ही आधीच वाचा: जिवंत आमिष चालतं का, चमचा किंवा स्पिनर (पाण्यात चमकणारी धातूची आमिषं) चालतो का, की फक्त फ्लाय, म्हणजे पिसं-दोरा बांधून केलेला कीटक? काश्मीरच्या काही बीटवर फक्त फ्लायच चालते. गांडूळ ट्राउट पार घशाखाली गिळतो, गळ आत रुततो आणि सोडून दिलेला मासाही बहुधा मरतो. फ्लाय ओठातच अडकते.

गळाचंही तेच. एकेरी की तिहेरी, हे तपासा. नियम काहीही असो, गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. मासा सोडताना गळ पटकन निघतो. जाळं, विष आणि सुरुंगाचा तर विचारही नको. सुरुंग आणि विषाला १८९७ च्या कायद्यापासूनच बंदी आहे.

शेवटी परवान्यावरची किमान लांबी आणि दिवसाला किती मासे, हे दोन आकडे वहीत लिहून घ्या आणि शिंप्याकडची मोजपट्टी खिशात ठेवा. मासा मापात बसला नाही, तर हात ओले करून, त्याला पाण्यातच धरून गळ काढा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जखम चिघळते.