खाऱ्या मातीत बुरशी कायची येते? ताटलीत करून पाहा

आमचं रान दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. माती परीक्षणाच्या कार्डावर सामू (पीएच) ८.४. सामू ७ च्या खाली म्हणजे आंबट, वर म्हणजे अल्कली. सोयाबीन निघाल्यावर पेरलेला हरभरा रोप असतानाच पिवळा पडून लोळायला लागला, तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "सर, बुरशीले आंबट लागते. आपल्या खाऱ्या मातीत थे कायची येते?" रोप उपटून दाखवलं. जमिनीलगतची मान कुजलेली, तिच्यावर पांढरं कापसासारखं जाळं आणि मोहरीएवढ्या तपकिरी गोळ्या. ही मानकुज, स्क्लेरोशियम रॉल्फसाय नावाच्या बुरशीची.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून वाद घालण्यापेक्षा ताटल्या, म्हणजे बुरशी वाढवायच्या झाकणवाल्या पेट्री डिश, लावल्या. तुम्हालाही लावता येतील.

अर्ध्या लिटरला १०० ग्रॅम बटाटा उकळून गाळा. त्यात १० ग्रॅम ग्लुकोज आणि १० ग्रॅम अगार, म्हणजे चायना ग्रासची पूड घाला. पाणी डिस्टिल्डच घ्या, बोअरचं नको. आमचं बोअर स्वतःच खारं, मग मोजायचं काय? चार काचेच्या बाटल्यांत सारखं वाटून कुकरमध्ये पूर्ण वाफेवर २० मिनिटं ठेवा. कुकर जुना, वेगळा ठेवलेला असावा, नाहीतर घरात भांडण.

आता सामू. ४, ५.५, ७ आणि ८.५ असे चार ठेवा आणि सामूच्या कागदी पट्टीने तपासा. पहिल्या खेपेला मी आम्ल आधी घालून मग कुकर लावला. ४ सामूची बाटली गोठलीच नाही, कारण आंबटात उकळलं की अगार फुटतं. म्हणून आम्ल बाटल्या कुकरमधून काढल्यावर, द्रावण कोमट असताना थेंबाथेंबाने घाला. व्हिनेगर वापरू नका. अ‍ॅसेटिक आम्ल स्वतःच बुरशीला मारतं, मग फरक सामूचा की व्हिनेगरचा हे कळणार नाही. खायच्या सोड्याचंही तसंच. आंबटासाठी सायट्रिक आम्ल, उलट बाजूसाठी शाळेतलं सोडियम हायड्रॉक्साइडचं पातळ द्रावण, तेही हातमोजे घालून. दोन्ही द्रावणं आधी उकळलेली हवीत. सामू जुळला की गोठण्याआधी ताटल्यांत ओता.

रोपावरची एक तपकिरी गोळी १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचच्या द्रावणात) मिनिटभर बुडवून, उकळलेल्या पाण्यात धुवून सामू न बदललेल्या साध्या ताटलीत वाढवा. त्या वाढीच्या कडेचे सारख्या मापाचे तुकडे तापवून गार केलेल्या बोररने (गोल तुकडा कापायच्या नळीने) काढा आणि प्रत्येक सामूच्या तीन ताटल्यांच्या मध्ये ठेवा. एकाच ताटलीवर भरवसा नको. या बुरशीला २७ ते ३० अंश मानवतं. आमच्याकडे डिसेंबरच्या रात्री गार, म्हणून सगळ्या ताटल्या एकाच थर्माकोलच्या डब्यात बल्बजवळ ठेवल्या. रोज फूटपट्टीने वाढीचा व्यास मोजा, आडवा आणि उभा.

माझ्याकडे ५.५ ची ताटली सर्वांत आधी भरली, ४ चीही फार मागे नव्हती. ८.५ ची रखडली, जाळंही विरळ. काका खूश. पण मग मी त्याच ताटलीत वाढीखाली सामूची पट्टी टेकवली, तर ती आंबटाकडे गेलेली! ही बुरशी ऑक्झॅलिक आम्ल सोडते. रोपाच्या पेशी कुजवणारी तिची विकरं (एन्झाइम) आंबटातच जोर धरतात, त्यामुळे ती आधी स्वतःपुरता आंबटपणा तयार करते. कार्डावरचा ८.४ हा सगळ्या मातीचा. हरभऱ्याच्या मानेवर काय आहे ते कार्ड सांगत नाही.

म्हणून आंबटपणा मारायला रानात चुना टाकायच्या भानगडीत मी पडलो नाही, माती आधीच अल्कलीकडे झुकलेली. सोयाबीनचं न कुजलेलं कुटार आणि धसकटं मात्र पेरणीआधी वेचली, कारण त्यांच्यावरच ती पोसते. बियाण्याला ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीवर वाढणारी उपयोगी बुरशी लावली, आणि पुढच्या रब्बीला त्या तुकड्यात ज्वारी घेतली.

ताटल्या उकिरड्यावर फेकू नका. गोळ्या मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. पुन्हा कुकरमध्ये अर्धा तास, मगच खड्डा.