एमआरआयची धास्ती आणि स्वच्छ फोटो

कोल्हापुरात मी एमआरआय काढतो. गडहिंग्लज, राधानगरीकडून पेशंट येतात आणि सोबतचा माणूस दारातच दम भरतो, "अजिबात हलायचं नाही, बघ!" त्यानं पेशंट आणखी आखडतो, आणि आखडलेलं अंग फार वेळ स्थिर राहत नाही. सोबत येणाऱ्यांनो, दम देऊ नका. मशीनच्या बोगद्यात गेल्यावर काय होणार ते सांगा.

एक्स-रे क्षणात निघतो. एमआरआयचा एकेक भाग दोन ते पाच-सहा मिनिटं चालतो आणि तेवढ्या वेळात गोळा झालेल्या सिग्नलांतून चित्र तयार होतं. शेवटी शेवटी मान वळली तरी पट्ट्या आणि सावल्या सगळ्या चित्रावर पसरतात. मग तो भाग पुन्हा घ्यायचा, म्हणजे आतला मुक्काम वाढला आणि भीतीही वाढली.

आवाज मोठा असतो, कारण चुंबकाच्या आत कॉइल, म्हणजे तारांची वेटोळी असतात, त्यांतला विजेचा प्रवाह सारखा बदलतो आणि ती थरथरतात. काही बिघडलेलं नसतं. कानात बोळे घट्ट बसवून घ्या. आवाज थांबला की "झालं वाटतं" म्हणून लोक कूस बदलतात, आणि आमचा घोटाळा तिथंच होतो. पुढच्या भागाची आखणी आधीच्या चित्रांवर केलेली असते. टेबल बाहेर येईपर्यंत तसंच पडून राहा. प्रत्येक भाग किती मिनिटांचा, हे टेक्निशियननं स्पीकरवरून सांगावं असा आग्रह धरा. शेवट कधी आहे हे कळलं की माणूस पुष्कळ सोसतो.

आज्या आत अंबाबाईचं नाव घेतात. घ्यावंच, पण मनात. ओठ हलले की जबडा हलतो. मानेच्या स्कॅनला आवंढासुद्धा दोन आवाजांच्या मधे गिळावा. दीर्घ श्वास घ्या असं कुणी सांगेल, पण त्यानं खांदे वरखाली होतात. साधा, संथ श्वास बरा. पोटाच्या स्कॅनला श्वास रोखायला सांगतात, त्याचा सराव बाहेरच करा.

डोळे आत जाण्याआधी मिटा, वर रुमाल घ्या. गुडघ्यांखाली उशी मागा. लघवीला जाऊन या. जोडवी, पैंजण, पिना घरीच काढा, ऐनवेळच्या ओढाताणीनं जीव घाबरा होतो. पेसमेकर किंवा ऑपरेशनमध्ये अंगात बसवलेली कुठलीही क्लिप असेल तर नाव नोंदवतानाच सांगा.

तालमीतले पैलवानही घाबरतात, त्यात कमीपणा नाही. बोगदा बऱ्याच मशीनांत ६० सेंटिमीटरचाच असतो, भरदार खांदे दोन्ही बाजूंना टेकतात. ७० सेंटिमीटरचं मशीन कुठं आहे ते विचारा. गुडघ्याच्या स्कॅनला पाय आधी जातात, डोकं बहुधा बाहेरच राहतं.

हातात रबरी फुगा देतात. नकोसं झालं की दाबा, आम्ही लगेच बोलतो. तरीही जमत नसेल तर गुंगीचं औषध देता येतं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, उपाशीपोटी यायचं आणि सोबत कुणी तरी हवं. शेजाऱ्याची झोपेची गोळी घेऊन येऊ नका.