व्यवसायाचं नाव बदलताय? या चुका टाळा

धंदा थंडावला की मालकाची नजर सगळ्यात आधी पाटीवर जाते. नाव जुनाट वाटायला लागतं, लोगो डोळ्यांना खुपतो आणि डिझायनरला फोन जातो. विक्री घसरण्याचं कारण मात्र बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं. माल वेळेवर पोचत नाही, फोन उचलला जात नाही, दर परवडत नाहीत. नव्या नावाने यातलं काहीच सुटत नाही, आणि जुन्या तक्रारींना नवं नाव शोधून काढायला फार वेळ लागत नाही.

म्हणून आधी एक साधं काम करा. ज्यांनी अलीकडे येणं थांबवलं किंवा दर विचारून ऑर्डर दिली नाही, अशा आठ-दहा जणांना कारण विचारा. त्यांच्या बोलण्यात नावाचा उल्लेखही येत नसेल, तर पैसे रिब्रँडिंगवर, म्हणजे नाव-लोगो बदलण्यावर, घालू नका.

नाव बदलायची खरी कारणं मोजकीच असतात. नावात ज्या वस्तूचा उल्लेख आहे ती तुम्ही आता विकत नाही, भागीदार वेगळे झाले, दुसऱ्याच्या ट्रेडमार्कशी, म्हणजे नोंदवलेल्या नावाशी किंवा चिन्हाशी, नाव भिडतंय, किंवा ऐकणाऱ्याला ते लिहिताच येत नाही. ‘कंटाळा आला’ हे कारण या यादीत बसत नाही. मालक आपलं नाव दिवसभर बघतो, गिऱ्हाईक कधीतरीच. तुम्हाला वीट येतो, तेव्हा कुठे ते त्याच्या लक्षात राहायला लागलेलं असतं.

सगळं एकदम बदलणं

२००९ च्या सुरुवातीला अमेरिकेत ट्रॉपिकानाने संत्र्याच्या रसाचं पॅकिंग बदललं. स्ट्रॉ खुपसलेलं संत्र्याचं ओळखीचं चित्र गेलं, अक्षरं बदलली. रस तोच होता, पण दुकानातल्या फळीवर लोकांना आपला डबा सापडेना. दोनेक महिन्यांत विक्री जवळपास २० टक्क्यांनी घसरली आणि कंपनीने जुनं पॅकिंग परत आणलं. उलट २०१९ मध्ये डंकिन डोनट्स या कॉफी-डोनट विकणाऱ्या साखळीने नावातलं ‘डोनट्स’ काढलं, तेव्हा गुलाबी-नारिंगी रंग आणि गोलसर अक्षरं तशीच ठेवली.

लहान व्यवसायाकडे ट्रॉपिकानासारखं नुकसान सोसायची ऐपत नसते. त्यामुळे काय बदलायचं याच्या आधी काय बदलायचं नाही ते ठरवा. नेहमीच्या चार गिऱ्हाइकांना तुमचा लोगो न बघता आठवून सांगायला लावा. रंग, एखादं चित्र, पिशवी, जे पुन्हा पुन्हा निघेल त्याला हात लावू नका. पुष्कळदा त्यांना लोगो आठवतच नाही, फक्त रंग आठवतो.

आधी नावाच्या प्रेमात पडणं, मग चौकशी करणं

घरच्यांना आवडलं, पाटी रंगवली, मग कळलं की ते नाव दुसऱ्याने नोंदवलेलं आहे. ट्रेडमार्कच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ४५ वर्ग आहेत, ३४ वस्तूंचे आणि ११ सेवांचे. तुमच्या कामाच्या वर्गात, आणि त्याला लागून असलेल्या वर्गांतही, शोध घ्या. स्पेलिंग वेगळं पण उच्चार सारखा, अशी नावंही अडचणीत आणतात. मग डोमेन (वेबसाइटचा पत्ता), सोशल मीडियावरची हँडल्स (खात्यांची नावं), आणि शेवटी फोनची परीक्षा: अनोळखी माणसाला नाव फोनवर एकदाच सांगा आणि त्याला लिहायला लावा. दोनदा विचारावं लागलं तर नाव बाद.

बनावट भारदस्त शब्दांच्या मागे तर लागूच नका. ब्रिटनच्या टपाल कंपनीने २००१ मध्ये ‘कन्साइनिया’ असं नाव घेतलं होतं. ते लोकांच्या पचनी पडलं नाही, आणि पुढच्याच वर्षी ती ‘रॉयल मेल’कडे वळली.

जुना माग पुसून टाकणं

माझ्या मते सगळ्यात महाग चूक हीच, कारण ती उशिरा दिसते. नवी वेबसाइट सुरू होते, जुनी बंद. जुन्या पानांकडे येणारे सगळे दुवे आणि गूगलच्या शोधातली जागा, वर्षानुवर्षं कमावलेलं सारं हवेत विरतं. जुन्या प्रत्येक पानावरून नव्या साइटच्या तशाच पानावर कायमचा, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट लावा, जेणेकरून जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्या पानावर पोचेल. सगळं सरसकट मुखपृष्ठावर वळवू नका. गूगलचा सल्ला रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवण्याचा आहे. जुन्या डोमेनचं नूतनीकरण मात्र त्यानंतरही चालू ठेवा. ते सुटलं आणि दुसऱ्याने घेतलं, तर त्या पत्त्यावर येणारे ईमेल, पासवर्ड बदलण्याचे दुवेसुद्धा, त्याच्या हाती जाऊ शकतात.

गूगलच्या नकाशावरची नोंद नव्याने बनवू नका, आहे तिचंच नाव बदला. नवी नोंद म्हणजे शून्य अभिप्राय. इन्स्टाग्राम, फेसबुकचंही तसंच.

कागदपत्रांचं थोडक्यात: पाटीवरचं नाव आणि नोंदणीचं कायदेशीर नाव या वेगळ्या गोष्टी असू शकतात. कोणतं बदलताय ते लेखापालाला विचारून ठरवा, आणि बँक खातं, परवाने, विमा, चालू करार यांची यादी आधी करा. बिलावर एक नाव आणि खात्यावर दुसरं असेल, तर पैसे पाठवणारा थबकतोच.

बदल करून बसलात आणि गडबड झाली, तर?

‘मालक बदलले का?’ असं लोक विचारत असतील, तर तुम्ही सांगण्यात कमी पडलात. पाटी, बिलं, ईमेलची सही, सगळीकडे ‘पूर्वीचे अमुक’ ही ओळ वर्षभर लावा, आणि तीच माणसं, तोच फोन नंबर असल्याचं स्पष्ट लिहा. फोनवर तुमचेच कर्मचारी जुनं नाव घेत असतील, तर त्यांना सगळ्यांच्या आधी सांगायला हवं होतं. गिऱ्हाइकं जुनं नाव घेतात याची चिंता नको. ती घेणारच.

शोधातून येणारे लोक पहिले काही आठवडे कमी-जास्त होतात. त्यानंतरही घसरण थांबली नाही, तर रीडायरेक्ट एकेक करून तपासा.

आणि माघार? गॅप या अमेरिकन कपड्यांच्या कंपनीने २०१० मध्ये नवा लोगो आणला आणि टीका झाल्यावर आठवड्याभरात मागे घेतला. तुमच्याकडे मात्र छापलेली पाकिटं आणि रंगवलेली गाडी असते, माघारीचा खर्च दुप्पट. म्हणून तक्रारींची प्रतवारी करा. ‘आवडला नाही’ ही तक्रार काही महिन्यांत विरते. ‘तुम्ही सापडलाच नाहीत’, ‘दुसऱ्याच कुणाकडे गेलो’ असं ऐकू यायला लागलं, तर ओळखीचा रंग किंवा चिन्ह लगेच परत आणा. नाव पुन्हा बदलायची गरज क्वचितच पडते. निर्णय होईपर्यंत जुन्या डिझाइनच्या मूळ फाइली आणि जुन्या नावाची ट्रेडमार्क नोंदणी हातची सोडू नका.