द्राक्ष, कांदा आणि विखुरलेले रिपीट्स : प्रोजेक्ट करताना या चुका टाळा

नाशिकमध्ये बायोटेकचा प्रोजेक्ट म्हटलं की सॅम्पल ठरलेली. दिंडोरी-निफाडकडची द्राक्षं, नाहीतर लासलगावचा कांदा. या दोन्ही पिकांच्या जीनोममध्ये (संपूर्ण डीएनएत) विखुरलेले रिपीट्स, म्हणजे एकाच डीएनए-क्रमाच्या जागोजागी पडलेल्या प्रती, ठासून भरलेल्या आहेत. तरीही प्रायमर (पीसीआरने डीएनएच्या प्रती काढताना तुकड्याच्या टोकाला चिकटणारा छोटा धागा) काढण्यापासून टक्केवारी मांडण्यापर्यंत बहुतेक जण एकच गोष्ट गृहीत धरून चालतात, की आपला क्रम जीनोममध्ये एकाच जागी आहे. पुढच्या बऱ्याचशा चुका त्यातूनच निघतात.

त्याआधी एक प्राथमिक घोटाळा. मायक्रोसॅटेलाइट हे एकापाठोपाठ एक चिकटून येणारे रिपीट्स. डीएनए फिंगरप्रिंटिंगमध्ये ते वापरतात आणि द्राक्षाचे वाण ओळखायलाही वापरतात. विखुरलेले रिपीट्स वेगळे. ते बहुतांशी ट्रान्सपोझॉनचे, म्हणजे उड्या मारणाऱ्या जनुकांचे वारस. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात ही जनुकं शोधली आणि 1983 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत हे दोन प्रकार एकाच वाक्यात कोंबले, तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येणार.

प्रायमर रिपीटमध्ये बसला

जेलवर (त्यात डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे होतात) एका बँडऐवजी वरपासून खालपर्यंत फिकट पट्टा आला, की मुलं तापमान वाढवत बसतात, मॅग्नेशियम कमी-जास्त करतात. आधी प्रायमर तपासा. माणसाच्या जीनोममध्ये साधारण 300 बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) आलू (Alu) हा रिपीट दहा लाखांहून जास्त वेळा आहे. त्यात बसवलेला प्रायमर म्हणजे रिक्षावाल्याला नुसतं ‘मारुती मंदिरापाशी सोडा’ म्हणणं. पंचवटीतलं की सिडकोतलं, ते त्याने कसं ठरवायचं? प्रायमरचा क्रम संपूर्ण जीनोमविरुद्ध ब्लास्ट (क्रम जुळवून पाहणारा प्रोग्रॅम) करून पाहा. निदान एक प्रायमर तरी एकमेव जागेवर बसलाच पाहिजे.

याच्या उलट चूकही होते. आलू घुसला आहे की नाही हे पाहण्याच्या नेहमीच्या प्रॅक्टिकलमध्ये साधारण 300 बेसच्या फरकाने दोन बँड दिसले, की ‘कंटॅमिनेशन’ लिहून मोकळे होतात. एका गुणसूत्रावर आलू आहे, दुसऱ्यावर नाही, इतका साधा अर्थ आहे त्याचा. लहान तुकडा पीसीआरमध्ये जास्त जोमाने वाढतो, म्हणून वरचा बँड फिका पडतो. कधी त्याच्याही वर तिसरा पुसट बँड येतो. तो लांब आणि आखूड धाग्यांची मिश्र जोडी जमल्यामुळे. निगेटिव्ह कंट्रोल (डीएनए न घातलेली नळी) कोरा असेल तर घाबरायचं कारण नाही.

हिरव्या द्राक्षात ‘जनुकच नाही’

हा निष्कर्ष मला सर्वात जास्त खटकतो, कारण उदाहरण आपल्याच शिवारातलं आहे. शरद सीडलेस काळं, थॉमसन हिरवं. सालीचा रंग चालू करणाऱ्या जनुकांपैकी एक म्हणजे व्हीव्हीमायबीए1. पांढऱ्या-हिरव्या वाणांत त्याच्या प्रमोटरमध्ये (जनुक चालू करणाऱ्या भागात) ग्रेट1 हा सुमारे 10,000 बेसचा रेट्रोट्रान्सपोझॉन (स्वतःची प्रत काढून उडी मारणारा ट्रान्सपोझॉन) येऊन बसला आहे. जनुक जागेवरच आहे, फक्त मुकं झालंय. जपानी संशोधकांनी हे 2004 मध्ये दाखवलं.

आता दोन्ही बाजूंना प्रायमर लावून साध्या टॅकने (प्रती काढणाऱ्या एन्झाइमने), एक मिनिटाचं एक्सटेन्शन (धागा वाढायला वेळ) देऊन पीसीआर केला तर काय होणार? टॅक मिनिटाला जेमतेम हजार बेस पुढे सरकतं. दहा हजारांचा तुकडा निघतच नाही, जेल कोरं राहतं, आणि रिपोर्टमध्ये ‘जनुक अनुपस्थित’ छापून येतं. उपाय असा : एक प्रायमर ग्रेट1च्या टोकाच्या एलटीआरमध्ये (दोन्ही टोकांना सारख्याच येणाऱ्या क्रमात) आणि दुसरा शेजारच्या जनुकात ठेवा. बँड आला तर ग्रेट1 तिथे आहे. तिसरी शक्यताही विसरू नका. इटालिया या पांढऱ्या वाणातून रुबी ओकुयामा हे लाल वाण निघालं, तेव्हा ग्रेट1 निघून गेला, पण जाताना एक एलटीआर मागे ठेवून गेला. अशा वेलीत एलटीआरमधला प्रायमर बँड देईल आणि साल मात्र रंगीत असेल. म्हणून दोन्ही बाजूंच्या प्रायमरची जोडीही लावाच. रिकामी जागा असेल तर लहान बँड येतो, एकटा एलटीआर उरला असेल तर सुमारे 800 बेसने मोठा.

आणि हो, पान कोवळं घ्या. छाटणीनंतर फुटलेलं. जून पानातल्या पॉलिफिनॉलने डीएनए तपकिरी होतो आणि मग दोष प्रायमरच्या माथी मारला जातो. सीटीएबीत (डीएनए काढायच्या द्रावणात) पीव्हीपी (पॉलिफिनॉल शोषणारी पूड) टाकायला विसरू नका.

कॉम्प्युटरवरच्या चुका

रिपीट शोधून झाकणाऱ्या रिपीटमास्कर या प्रोग्रॅमला प्रजाती सांगितली नाही तर तो माणसाची लायब्ररी (माहीत असलेल्या रिपीट्सची यादी) धरून चालतो. कांद्याचा जीनोम सुमारे 16 अब्ज बेसचा, म्हणजे माणसाच्या पाचपट, आणि त्याचा बहुतांश भाग रिपीट्सचाच. त्यावर माणसाची लायब्ररी लावली तर येणारी टक्केवारी हास्यास्पद कमी असते. आधी रिपीटमॉडेलर या प्रोग्रॅमने त्याच पिकाची लायब्ररी तयार करा आणि ती द्या. पण ती आंधळेपणाने देऊ नका. रोगप्रतिकारक जनुकांची मोठी कुटुंबंही अनेक प्रतींमुळे त्यात रिपीट म्हणून शिरतात. डाऊनी (केवडा) रोगाला प्रतिकार करणारं जनुक शोधणाऱ्याने स्वतःच ते झाकून टाकलं, असा प्रकार होतो. लायब्ररी प्रथिनांच्या डेटाबेसशी ताडून असे क्रम काढून टाका.

जनुकं शोधायची असतील तर सॉफ्ट मास्किंग करा, म्हणजे रिपीट फक्त लहान अक्षरांत दिसतात. रिपीटच्या जागी सगळीकडे एन (N) हे अक्षर भरलं तर रिपीटला चिकटलेल्या एक्झॉनचे (जनुकातल्या प्रथिनाचा संकेत असलेल्या भागांचे) तुकडे होतात.

शॉर्ट रीड्सचं, म्हणजे सिक्वेन्सिंगमधून येणाऱ्या लहान तुकड्यांचं, वेगळंच. एक रीड पन्नास ठिकाणी सारखाच बसत असेल तर बीडब्ल्यूए हा रीड जागेवर बसवणारा प्रोग्रॅम त्याला कुठेतरी एका जागी टाकतो आणि मॅपिंग क्वालिटी (जागेची खात्री) शून्य देतो. असे रीड गाळले तर रिपीट्सच गायब, ठेवले तर खोटे व्हेरियंट (बदल). जनुकातले बदल पाहत असाल तर गाळा. रिपीट्सच मोजायचे असतील तर कुटुंबनिहाय मोजा, एकेका जागेवर दावा करू नका. असेंब्लीत (रीड जोडून उभारलेल्या जीनोममध्ये) एखाद्या जागी कव्हरेज (तिथे बसलेल्या रीड्सची संख्या) अचानक दहापट दिसलं तर तिथे अनेक प्रती एकावर एक कोसळल्याची शंका घ्या. लाँग रीड्सशिवाय त्या सुटणं कठीण.

टक्केवारी लिहिताना प्रतींची संख्या आणि व्यापलेली लांबी यांची गल्लत नको. माणसात आलूच्या प्रती एल1 या दुसऱ्या विखुरलेल्या रिपीटच्या दुप्पट आहेत, तरी जीनोमचा हिस्सा आलूचा सुमारे 10 टक्के आणि एल1चा 17. पूर्ण एल1 सहा हजार बेसचा असतो, बहुतेक प्रती पुढच्या टोकाला तुटलेल्या असतात. तक्त्यात दोन्ही रकाने ठेवा, आणि खाली कोणती लायब्ररी, कोणती आवृत्ती वापरली तेही लिहा. लायब्ररी बदलली की आकडे बदलतात, आणि परीक्षक नेमकं तेच विचारतात.